मैदानावर तक्रार समितीचा फलक लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेच्या मुलींनी कबड्डीत ढाल आणली की फोटोसह बातमी येते. त्यातल्याच किती तरी पोरी नववीत गेल्या की मैदान सोडतात, त्याची बातमी होत नाही. उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमधल्या मुलींना मी नोकरीभर खो-खो आणि कबड्डी शिकवली. खेळाचा कंटाळा आला म्हणून सोडणारी पोरगी क्वचितच भेटली.

कपडे बदलायला आडोसा नसतो. दोघी ओढणी ताणून उभ्या राहतात, तिसरी घाईघाईने बदलते आणि कंपाउंडच्या भिंतीवर टवाळ पोरं बसलेली असतात. संडासला कुलूप. डिसेंबरात सहालाच अंधारतं, आणि न्यायला कोणी येत नाही, कारण आई तेव्हा दुसऱ्यांकडे भांडी घासत असते. निवड चाचणीत 'पूर्ण नाव सांग' म्हटलं की काही पोरी आडनाव तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. आडनाव कळल्यावर प्रशिक्षकाचा बदललेला सूरही मी ऐकला आहे. वंदना कटारियाने 2021 मध्ये टोकियोत हॅटट्रिक केली, ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. तरी उपांत्य सामना हरताच तिच्या घरासमोर जातीवरून शिवीगाळ झाली. मग आमच्या इंदोरा वस्तीतल्या पोरीने कोणाच्या भरवशावर खेळावं?

प्रशिक्षकच अंगचटीला आला तर पोरी घरी सांगत नाहीत. सांगितलं की आधी खेळ बंद होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

कायदा मात्र त्यांच्या बाजूने आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, संकुल, स्पर्धेची जागा हे सगळं 'कामाचं ठिकाण' धरलं आहे. तक्रार करणारी नोकरीत असायलाच हवी असं नाही, वयाचीही अट नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी आणि तिचा आदेश दर्शनी जागी लावायलाच हवा. कर्मचारी कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागू होतो, आणि प्रकार कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरतो. हे किती क्रीडाशिक्षकांना माहीत आहे? मी ज्या मैदानांवर मुली घेऊन गेले, तिथे असा फलक मला कधी दिसला नाही.

जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. मानकापूरच्या संकुलापासून शाळांच्या मैदानांपर्यंत समितीतल्या महिलांची नावं आणि फोन नंबर मराठीत, ठळक अक्षरांत, मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ लावावेत. स्वच्छतागृहाचं कुलूप सरावाआधी उघडावं आणि शेवटची मुलगी घरी जाईपर्यंत एक महिला कर्मचारी मैदानावर थांबवावी. हे यंदाच्या शालेय स्पर्धा सुरू होण्याआधी व्हावं.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, इंदोरा, नागपूर