शिल्लक शून्य

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र खरं तर घरी आणून देणार होतो. पण तुम्ही ते न उघडता टीपॉयवर ठेवलं असतं, ‘चहा टाकायला सांगू ना?’ विचारलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

गेल्या महिन्यात आपल्या फोटोग्राफी क्लबचं सेक्रेटरीपद सोडताना तुम्ही पत्र्याची एक पेटी माझ्या हवाली केलीत. आत शाळेच्या चित्रकलेच्या वर्गाची किल्ली, माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट कापायचं कटर, जुन्या सलॉनचे, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांचे कॅटलॉग आणि हिशोबाच्या सात वह्या. परवा रविवारी वह्या काढून बसलो. ‘चहा 64. वायर 110. कुरिअर 185. शिपाईमामांना दिवाळी 200.’ वर्गणी कधी बावीस जणांची जमा, कधी सातच जणांची. आणि प्रत्येक महिन्याच्या तळाला तुमच्या ठसठशीत अक्षरात: शिल्लक 0. एकोणीस वर्षं, काका. मी बँकेत जन्म काढलाय. असा हिशोब एकाच पद्धतीने जुळतो. कमी पडेल ते कुणीतरी गुपचूप खिशातून घालतं आणि त्याची नोंद करत नाही.

मी 2004 मध्ये आलो तेव्हा मेहुण्याचा फिल्म कॅमेरा आणि पोस्टकार्डाएवढे सहा फोटो घेऊन आलो होतो. तीन सिंहगडाचे, तीन मुलीचे. तुम्ही चांगले म्हणाला नाहीत, वाईटही म्हणाला नाहीत. खिशातून काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे काढलेत आणि ते माझ्या फोटोवर सरकवायला लागलात. आधी मुलीमागचा विजेचा खांब गेला, मग निम्मं आकाश गेलं, आणि शेवटी तिची भिजलेली वेणी आणि हातातलं कणीस एवढंच उरलं. ‘हा फोटो तू काढलायस, फक्त तुला माहीत नव्हतं,’ म्हणालात. घरी येऊन बायकोला ते वाक्य चार वेळा ऐकवलं. अजून टोमणे खातोय.

नव्या माणसाला तुम्ही पहिल्याच दिवशी इतिहास पाजायचात. डागेरची फोटो काढायची युक्ती जगापुढे आली 1839 मध्ये आणि मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली 1854 मध्ये, म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत. तिथे भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉक्टर नारायण दाजीही होते. ‘डॉक्टरकी सांभाळून काचेच्या प्लेटा धुवायचे, आणि तुम्हाला महिन्यातून एक शनिवार जमत नाही?’ हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की मागच्या रांगेतून कोरस व्हायचा.

आता बुलबुलाच्या घरट्याबद्दल. हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही.

लिंबाच्या झाडातलं घरटं, चोची वासून बसलेली तीन पिल्लं. बारा बाय पंधराचा प्रिंट करून मी सलॉनच्या निसर्ग विभागासाठी दिला. पार्सल बांधायच्या रात्री तुम्ही तो बाजूला काढलात. मी कारण विचारलं, तर प्रिंटच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलंत. तिथे कापलेल्या फांदीचं पांढरं तोंड दिसत होतं. ‘त्यांची सावली तू छाटलीस,’ एवढंच बोललात. मी तणतणत निघून गेलो. पदक माझं आणि नाक तुमचं, असं काहीतरी जिन्यात बोललोही, तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. दुसऱ्या दिवशी त्या झाडापाशी गेलो तर घरटं रिकामं. कावळा की मांजर, कळलं नाही. पानं असती तर वाचली असती का, तेही कुणी सांगू शकणार नाही. दोन महिने मी क्लबात आलो नाही. मग तुमचा फोन आला: ‘माझे पुठ्ठ्याचे तुकडे चुकून तुझ्याकडे आलेत का?’ माझ्याकडे नव्हते. तुमच्याच खिशात असणार, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. ‘बघतो आणि शनिवारी येतो,’ म्हणालो.

तुमचं सगळंच पटायचं असं नाही. माउंटच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी तुम्ही ती परत कापायला लावायचात, त्यात माझे दोन चांगले प्रिंट वाया गेले. डिजिटल आलं तेव्हा मात्र मला वाटलं होतं की तुम्हीच पहिले नाक मुरडाल. झालं उलटंच. ‘आता पोरांना रोलचे पैसे वाचवून शटर दाबावं लागणार नाही’ म्हणत तुम्हीच खूश झालात, आणि आम्ही चाळिशीतले लोक स्लाइड फिल्मच्या नावाने गळे काढत बसलो.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून क्लबचं सगळं सामान तुमच्या घरी, डब्यांत, सिलिका जेलच्या पुरचुंड्यांसकट. निळे दाणे गुलाबी पडले की ओल धरली, मग ते तव्यावर भाजून पुन्हा निळे करायचे. त्यासाठी काकूंनी एक जुना तवा वेगळा काढून दिला होता. त्या तव्याला तुमच्या घरी ‘क्लबचा तवा’ म्हणतात, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. काकूंचे आभार मी वेगळे मानणार आहे. त्यांचं येणं जास्त आहे.

पण मला सगळ्यात आठवतो तो एप्रिलमधला रविवार. पिनहोल दिनाला, म्हणजे भिंगाशिवाय सुईच्या भोकातून फोटो काढायच्या दिवशी, तुम्ही शाळेतल्या तीस मुलांना बिस्किटांचे डबे आणायला सांगितलं होतं. खेळाच्या सामानाची खोली काळे कागद चिकटवून डार्करूम केली, लाल बल्ब लावला, डब्यात सुईने भोक पाडून आत एन्लार्जिंगचा, म्हणजे फोटो छापायचा कागद बसवला. उन्हात मिनिटभर डबा न हलवता धरायचा. एक मुलगी झेंड्याच्या खांबासमोर श्वास रोखून उभी होती. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागदावर निगेटिव्हसारखं आकाश काळं व्हायला लागलं आणि तिच्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं, अगदी तिच्या आजीसारखं. तुम्ही तेव्हा कोपऱ्यात हायपोची, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणाची ट्रे हलवत होतात. त्या दिवशीचा खर्च वहीत शोधला. ‘कागद’ एवढा शब्द आहे, पुढे आकडाच नाही.

लॉकडाऊनमध्ये रोज एका सभासदाला फोन करून ‘खिडकीतून काय दिसतंय, तेच काढ’ म्हणायचात, तेही आठवतं. माझ्या खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी दिसायची. तिचे एकशे दहा फोटो माझ्याकडे आहेत.

दरवर्षीच्या प्रदर्शनाचे पडदे तुम्ही बांधायचात, दिव्यांचे कोन तुम्ही बघायचात, आणि तुमचा फोटो एकदाही भिंतीवर नसायचा. ‘आयोजकाने एंट्री द्यायची नसते.’ ठीक. आता तुम्ही आयोजक नाही. यंदा दाराशेजारची भिंत मोकळी ठेवलीय, चार प्रिंटपुरती. निवड तुमची, माउंट मी कापणार, आणि चूक झाली तर तुम्ही गप्प बसायचं.

आणि हो, वही मीच पुढे चालू ठेवलीय. या महिन्याची शिल्लक वजा 137 लिहिली आहे. तुम्ही येऊन ती गुपचूप शून्य करू नका. शनिवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहे.

तुमचा,
क्लबचा नवा सेक्रेटरी