आन्डेक्सच्या वाटेवरचा आपला डबा वाचवायचा आहे

नमस्कार मंडळी,

म्युनिक आणि आसपासच्या आपल्या मराठी भटक्या गटाला हेर्शिंग गाव ते आन्डेक्सच्या डोंगरावरचा मठ ही वाट नव्याने सांगायला नको. एस-८ या लोकल गाडीच्या शेवटच्या स्टेशनावर उतरायचं, गाव ओलांडायचं, कीनटालच्या दरीतून ओढ्याच्या कडेने तासभर चढायचं, की झाडांच्या शेंड्यांवर मठाच्या चर्चचा कांद्याच्या आकाराचा घुमट दिसतो. या वाटेच्या एका वळणावर, मठाच्या आवाराबाहेर, सहा वर्षांपूर्वी आपण एक जिओकॅश लपवली. आज तिच्यासाठी लिहितो आहोत.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. जिओकॅश म्हणजे लपवलेला डबा. त्याची जागा जीपीएसच्या आकड्यांत दिलेली असते. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि होता तसा परत ठेवायचा. नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली, त्यामुळे जागा बरीच अचूक कळू लागली. लगेच ३ मे रोजी ओरेगनमध्ये डेव्ह अल्मर यांनी असा पहिला डबा ठेवला आणि हा खेळ सुरू झाला.

मागच्या महिन्यात आम्ही दोघेजण पाहणीला गेलो. झाकण उघडलं तर आत दोन बोटं पाणी. वही फुगलेली, पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरून निळी झालेली. झाकणाच्या कोपऱ्यावर बारीक दातांच्या खुणा होत्या आणि तळाशी तिळगुळाच्या पुडीचा कागद. संक्रांतीला कुणीतरी प्रेमाने ठेवला असणार, पण वासाने उंदीर आला आणि त्याने प्लास्टिक कुरतडलं. म्हणून कळकळीने सांगतो, डब्यात खाण्याची वस्तू कधीही ठेवू नका, चॉकलेटसुद्धा नको.

उंदराचं आणि आन्डेक्सचं नातं तसं जुनं आहे. इथल्या सरदारांचा किल्ला पडला तेव्हा तिथले पवित्र अवशेष लपवून ठेवले गेले आणि पुढे जागाच विस्मरणात गेली. १३८८ मध्ये ते पुन्हा सापडले. प्रार्थना चालू असताना एका उंदराने चिठ्ठीचा तुकडा बाहेर ओढून आणला आणि त्यावरून ठावठिकाणा लागला, अशी आख्यायिका आहे. आपला डबा याच डोंगरावर ठेवायचा, हे आपण या गोष्टीमुळेच ठरवलं होतं. पुढे १४५५ मध्ये ड्यूक आल्ब्रेख्त तिसरा याने इथे बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाचा मठ स्थापला. १८०३ मध्ये तो सरकारने बंद केला, १८४६ मध्ये राजा लुडविग पहिला याने विकत घेतला आणि म्युनिकच्या सेंट बोनिफाझ मठाच्या हवाली केला. आजही तो त्यांच्याकडेच आहे. मोठाल्या मेणबत्त्या घेऊन पायी येणारे यात्रेकरूही थांबलेले नाहीत. पहिल्यांदा त्यांची रांग पाहिली तेव्हा आमच्यातल्या कित्येकांना वारी आठवून डोळ्यांत पाणी आलं.

त्या वहीत आपली माणसं आहेत. इथे शिकायला आलेल्या मुलांची पहिली सही आहे, भारतातून नातवंडांना भेटायला आलेल्या आजी-आजोबांनी थरथरत्या हाताने लिहिलेल्या ओळी आहेत. चिकटलेली पानं आम्ही टिपकागदात घालून सावलीत वाळवतो आहोत. जेवढी सुटतील तेवढ्यांचे फोटो काढून ठेवू.

आता मदत कशी हवी ते सांगतो. रबरी पट्टीचा, घट्ट बसणारा लोखंडी डबा, पाण्यात न भिजणाऱ्या कागदाची वही आणि बाहेर लावायची जर्मन पाटी (कुणाला संशयास्पद वस्तू वाटू नये म्हणून) यासाठी एकूण ९० युरो लागतील. कुटुंबामागे पाच युरो आले तरी भागेल. पैसे खजिनदारांकडेच द्या, हिशेब गटावर टाकू.

पैशांपेक्षा जास्त गरज माणसांची आहे. दर दीड-दोन महिन्यांनी जाऊन डबा पाहील असं एक कुटुंब हवं. देखभाल होत नाही असं दिसलं की जिओकॅश आधी तात्पुरती थांबवली जाते आणि नंतर जिओकॅशच्या ऑनलाइन यादीतून काढली जाते. एकदा काढली की ती सहसा परत घेत नाहीत. हेर्शिंग, वेसलिंग किंवा गिल्शिंगच्या बाजूला राहणाऱ्यांनी कृपया विचार करावा.

जागाही थोडी बदलायची आहे. शोधणाऱ्यांच्या पायांनी उतारावरची माती सुटते आहे आणि झाडांची मुळं उघडी पडली आहेत. जंगलाच्या मालकाशी बोलणं झालंय, परवानगी मिळाली आहे. नवी जागा वाटेला लागूनच असेल, म्हणजे उतारावर कुणी चढणार नाही.

३ ऑक्टोबरच्या सुट्टीला सकाळी साडेनऊला हेर्शिंग स्टेशनाबाहेर भेटू. वर जाताना वाटेतला कचरा उचलायचा आहे, तेव्हा हातमोजे आणि पिशव्या घेऊन या. ओढ्याकाठी निसरडं असतं, पकड असलेले बूट घाला. मुलांना जरूर आणा, नव्या वहीचं पहिलं पान त्यांच्यासाठी ठेवलं आहे. येणार असाल तर आदल्या रविवारपर्यंत गटावर कळवा.