बाई, तुम्ही नावं गाळली नाहीत म्हणून

आदरणीय बाई,

असं जाहीर पत्र तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. म्हणून नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

ख्रिस्ती विश्वासात आलेली मी घरातली पहिलीच. चर्चच्या मंडळीत आजूबाजूला सगळी आजोबा-पणजोबांपासूनची घराणी. "तुम्ही मूळच्या कुणाकडच्या?" हे कुणी वाकड्या मनाने विचारत नसे, पण माझ्याकडे त्याला उत्तर नसायचं. अशात तुम्ही शास्त्रपाठाला बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढलात. बहुतेक जण तिथली येशूची वंशावळ सोडून थेट त्याच्या जन्माकडे जातात (आणि खरं सांगायचं तर त्यांना दोष देववत नाही). तुम्ही मात्र प्रत्येक नावाखाली पेन्सिल टेकवत अब्राहामापासून सावकाश निघालात. यादीतल्या पहिल्या बाईपाशी, तामारपाशी थांबलात. मग यरीहोची राहाब, मग रूथ, मग उरीयाची बायको, जिचं नावही मत्तय लिहीत नाही.

रूथपाशी तुम्ही आम्हाला जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा २३वा अध्याय उघडायला लावलात. मवाब्याला, म्हणजे मवाब देशाच्या माणसाला, दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. आणि ही मवाबी बाई दावीद राजाची पणजी! एवढं दाखवून तुम्ही गप्प बसलात. हिशेब आमचा आम्हाला करू दिलात.

मला खरं हलवलं ते यादीच्या शेवटाने. एवढ्या पिढ्या मोजत मत्तय योसेफापाशी येतो, आणि योसेफ तर येशूचा जन्मदाता नाही. त्याने मरियेला घरी आणलं, बाळाचं नाव ठेवलं, त्याला आपलं म्हटलं. तेवढ्यावर येशू दावीदाच्या वंशात गणला गेला. ज्या घरात पाऊल टाकायला मी बिचकत होते, त्या घराचा धनीच रक्ताच्या नव्हे, आपलं म्हणण्याच्या नात्याने त्या वंशावळीत आलेला.

प्रेषित पौलाने आपल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना देवाची दत्तक लेकरं म्हटलं, ते मी आधी समजुतीचे शब्द म्हणून वाचलं होतं. तुम्ही त्यामागचा काळ सांगितलात. रोमी कायद्यात दत्तक घेतलेल्याला पोटच्या मुलासारखाच वारसा मिळायचा. येशू जन्मला तेव्हा गादीवर असलेला ऑगस्टस स्वतः ज्युलियस सीझरचा दत्तक वारस होता. तेव्हा ते पत्र ऐकणाऱ्यांना त्यात दयेची भाषा नाही, हक्काची भाषा ऐकू आली असणार.

आणि एका गोष्टीसाठी तुमचे सगळ्यात जास्त आभार. माझ्या माणसांना तुम्ही माझ्याकडून कधी खोडून टाकायला लावलं नाहीत. बाप्तिस्म्याला तुम्ही धर्ममाता म्हणून शेजारी उभ्या राहिलात, आणि नंतर बायबल दिलंत, सुरुवातीला कुटुंबाच्या नोंदीची कोरी पानं असलेलं. मी विचारलं, "इथे माझ्यापासूनच सुरू करू ना?" तुम्ही म्हणालात, "का? आजीला काय नाव नव्हतं?" मग पहिल्या ओळीवर आजीचं नाव आलं. तिने येशूचं नाव कधी घेतलं नाही, पण दाराशी आलेल्याला कधी परत पाठवलं नाही, आणि माणसाशी कसं वागायचं ते मी तिच्याकडूनच शिकले. "अब्राहामाच्या बापाचं नाव तरी कुणी खोडलंय?" असंही तुम्ही वर ऐकवलंत. हा बाप, तेरह, दुसऱ्या देवांची सेवा करायचा, हे यहोशवाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात आहे. तरी लूकच्या शुभवर्तमानातल्या वंशावळीत तो आपल्या जागी आहेच.

जुन्या घराण्यांवर तुम्ही मला रागावू दिलं नाहीत, तेही बरं केलंत. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, हे पौल कौतुकानेच लिहितो. ज्यांना तसं मिळालं त्यांना ते मिळालं. त्यात माझं काही कमी झालेलं नाही.

परवा पाळकसाहेबांनी नाताळच्या आधीच्या रविवारी वंशावळ वाचायला मला सांगितलं. मी हो म्हटलंय. जरुब्बाबेलपाशी अजून जीभ अडखळते, तेव्हा आदल्या दिवशी तालमीला तुमच्याकडे येतेय. पेन्सिल काढून ठेवा.

तुमची,
शास्त्रपाठातली एक