भूगर्भातील लिथियमसाठी पहिली जोखीम सरकारने उचलावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेवरच्या वाहनांची आपल्याकडची चर्चा अनुदान आणि चार्जिंग स्टेशन यांपलीकडे फारशी जात नाही. बॅटरीतले लिथियम कुठून येते, ते काढताना किती कोळसा जळतो आणि ते स्वच्छ रीतीने काढायचे तर पैसा कोणी घालायचा, हे प्रश्न कोल्हापूरने तरी विचारायला हवेत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील फौंड्र्यांत ओतले जाणारे सिलिंडर हेड आणि इंजिन ब्लॉक विजेच्या गाडीला लागतच नाहीत. या बदलाची झळ आपल्याला बसणारच आहे, तर त्याच्या मुळाशी असलेला कच्चा माल आणि त्याचे अर्थकारणही आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

आज ऑस्ट्रेलियातील खाणींतून निघणारा लिथियमयुक्त खडक मुख्यतः चीनमध्ये नेऊन हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला भाजला जातो. भट्टी तिथवर न्यायला काय इंधन लागते, हे फौंड्रीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. दुसरी रीत दक्षिण अमेरिकेतील खारवट पाणी उघड्या तळ्यांत वर्ष-दीड वर्ष उन्हात आटवण्याची. तिसरी रीत आता जर्मनीतील ऱ्हाइन खोऱ्यात आकार घेत आहे. जमिनीखाली काही किलोमीटर खोलीवरचे गरम, खारे पाणी वर आणायचे, त्याच्या उष्णतेवर वीज आणि घरे तापवण्याची ऊर्जा मिळवायची, नंतर ते लिथियम धरून ठेवणाऱ्या पदार्थाच्या थरांतून न्यायचे आणि उरलेले पाणी पुन्हा भूगर्भात सोडायचे. प्रक्रियेला लागणारी उष्णता जागेवरच मिळत असल्याने त्यासाठी कोळसा जाळावा लागत नाही. मात्र तिथल्या एक लिटर पाण्यात लिथियम असते सुमारे १८० मिलिग्रॅम, म्हणजे एक किलो लिथियमसाठी साडेपाच हजार लिटरांहून अधिक पाणी उपसावे लागते. खरी अडचण इथूनच सुरू होते, आणि ती तंत्रापेक्षा पैशाची अधिक आहे.

मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली आहे. शेतकरी बोअर मारतो तेव्हा पाणी लागेल की नाही याची खात्री कोणी देत नाही आणि कोरड्या बोअरच्या भरवशावर कोणतीही बँक कर्ज देत नाही. इथे तीच गोष्ट काही किलोमीटर खोलीवर आणि कोट्यवधी रुपयांच्या खर्चाने करायची असते. पाणी लागले तरी ते पुरेसे गरम हवे, त्यात लिथियम हवे आणि विहिरीचा प्रवाह वर्षानुवर्षे टिकायला हवा. भरीस भर म्हणजे बाजारभाव. २०२२ च्या अखेरीस शिखरावर पोहोचलेला लिथियमचा दर पुढच्या दोन वर्षांत ८० टक्क्यांहून अधिक कोसळला. अशा मालाच्या तारणावर वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज मंजूर करण्याचे धाडस एकटी खासगी बँक करणार नाही, आणि तिने ते करूही नये.

व्हल्कन एनर्जी या कंपनीच्या ऱ्हाइन खोऱ्यातील प्रकल्पासाठी डिसेंबर २०२५ मध्ये सुमारे २.२ अब्ज युरोंचा निधी उभा राहिला. त्यात युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक, निर्यातीसाठी कर्ज व हमी देणाऱ्या संस्था, जर्मन सरकारचा कच्चा माल निधी आणि व्यापारी बँका असे सगळेच आले. वर्षाला २४,००० टन लिथियम हायड्रॉक्साइड (बॅटरीसाठी लागणारे लिथियमचे संयुग), म्हणजे सुमारे ५ लाख गाड्यांपुरता माल, तयार करण्याचे उद्दिष्ट आहे, आणि वाहन व बॅटरी कंपन्यांनी तो घेण्याचे करार आधीच केले होते. शिवाय तिथल्या इन्सहाइम गावी भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेवर चालणारे, वीजकेंद्र पूर्वीपासून चालू असल्याने खालच्या पाण्याचा अंदाज हाताशी होता. पहिल्या विहिरीची जोखीम कोणीतरी आधी घेतलेली होती, म्हणूनच बँका पुढे आल्या, असे माझे मत आहे. फ्रान्सने तर १९८० च्या दशकातच भूऔष्णिक विहीर अपयशी ठरल्यास भरपाई देणारा हमी निधी उभारला होता.

आपल्याकडे जम्मू-काश्मीरमधील रियासी येथे ५९ लाख टन लिथियमयुक्त खनिजाचा अंदाज फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाला, पण पुरेसे बोलीदार न मिळाल्याने पहिला लिलाव रद्द करावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने १६,३०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशन (अत्यावश्यक खनिजांसाठीचे अभियान) मंजूर केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरणही आले. ही दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु लडाखमधील पुगा खोऱ्यासारख्या गरम झऱ्यांच्या ठिकाणी खोल विहीर घेण्याची जोखीम वाटून घेणारा स्वतंत्र निधी नसेल, तर ही धोरणे फायलीतच राहतील. मिशनमधील ठरावीक रक्कम फ्रान्सच्या धर्तीवर विहीर-हमीसाठी राखून ठेवावी आणि सरकारी मदत घेणाऱ्याने पाण्याच्या पृथक्करणाचे आकडे जाहीर करण्याची अट घालावी.

सहकारी बँका व पतसंस्थांतील ठेवीदारांचा पैसा या टप्प्यावर अशा प्रकल्पांत मुळीच जाऊ नये, हे मी कळकळीने सांगतो. दूध आणि उसाच्या बिलांतून जमलेल्या ठेवी विहीर लागण्याच्या आशेवर लावण्यासाठी नसतात. भूकंपाची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. फ्रान्समधील स्ट्रासबर्गजवळचा भूऔष्णिक प्रकल्प भूकंपाच्या धक्क्यांमुळे २०२० मध्ये थांबवावा लागला, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या भागात अजून विस्मृतीत गेलेला नाही. त्याच कोयना परिसरात गोठणे येथे शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटर खोल वैज्ञानिक विहीर घेतली असून, कराडच्या केंद्रीय संशोधन संस्थेकडे खोल खोदकामाचा आणि भूकंपमापनाचा अनुभव आहे.

अणुस्कुरा घाट उतरून राजापूरजवळच्या उन्हाळे गावी गेले की कुंडातले वाफाळते पाणी कोणालाही दिसते. तुरळ-राजवाडी आणि उन्हवरे येथेही असेच झरे आहेत. तिथे लिथियम सापडेल असे मी म्हणत नाही. मात्र कराडची संस्था, शिवाजी विद्यापीठ आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांनी मिळून या झऱ्यांच्या पाण्याचे सविस्तर पृथक्करण करावे, त्याचा अहवाल मराठीतही प्रसिद्ध करावा आणि त्यासाठी लागणारी तुलनेने अल्प रक्कम राज्य सरकारने येत्या अर्थसंकल्पात ठेवावी, असा आग्रह कोल्हापूर व रत्नागिरीच्या लोकप्रतिनिधींनी धरावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, कोल्हापूर