साडेसात टनांचा निकाल आणि सिलिंडरचा टेम्पो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत माझे फॅब्रिकेशनचे छोटे शेड आहे. ग्रिल, शटर, शेडचे ट्रस अशी कामे चालतात. गॅस कटिंगसाठी आठवड्यातून दोनदा ऑक्सिजन आणि डीए, म्हणजे ॲसिटिलीनचे सिलिंडर लागतात. ते छोट्या टेम्पोतून येतात. गेल्या महिन्यात आलेल्या अशाच एका टेम्पोमुळे हे पत्र लिहायला बसलो आहे.

टेम्पो दारात लागला तेव्हा फाळका उघडा होता आणि दोन सिलिंडर हौद्याबाहेर हातभर आलेले होते. डीएचे सिलिंडर आडवे टाकलेले. सगळ्यांवरून एकच सुती दोरी फिरवलेली, तीही सैल. एका ऑक्सिजन सिलिंडरला कॅपच नव्हती, पितळी व्हॉल्व्ह उघडा दिसत होता. कोपऱ्यात कुणाच्या तरी दुकानात पोचवायचे थिनरचे चार डबे. चालक विशीतला पोरगा, वागायला नम्र. मी त्याला लायसन विचारले. त्याने मोबाइलवर दाखवले, हलक्या मोटार वाहनाचे. "धोकादायक मालाचा शेरा कुठं आहे?" म्हटल्यावर तो म्हणाला, "काका, आता ते लागत नाही. साडेसात टनापर्यंत हेच लायसन चालतंय, कोर्टानंच सांगितलंय."

त्या मुलाला खोटे बोलायचे नव्हते. त्याला जेवढे ऐकू आले तेवढेच त्याने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल दिला, की एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. लाखो टेम्पो आणि टॅक्सीचालकांना दिलासा मिळाला आणि तो योग्यच होता. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट लिहिले आहे, की ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल वाहणारी वाहने यांच्यासाठी कायद्यात असलेल्या विशेष अटी कायम राहतील. पहिला भाग व्हॉट्सॲपवरून वाडी-वस्तीपर्यंत पोचला. दुसरा भाग गॅस पुरवणाऱ्या गोदामापर्यंतही पोचलेला दिसत नाही.

या विशेष अटी आहेत केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 9 मध्ये. मानवी जीवितास धोकादायक असा माल वाहणाऱ्या गाडीच्या चालकाला नेहमीच्या लायसनशिवाय राज्य सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेत तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. मग प्रमाणपत्र घेऊन आरटीओकडे अर्ज करायचा आणि लायसनवर तसा शेरा मारून घ्यायचा. पूर्वी ही परवानगी एकाच वर्षाची असे, 2019 च्या दुरुस्तीने ती तीन वर्षांची केली. गाडी सोळा चाकांची टँकर आहे की चार चाकांचा टेम्पो, असा भेद हा नियम करत नाही. मालाकडे पाहतो.

आणि माल काय आहे, हे आम्ही रोज हाताळणारे जाणतो. ऑक्सिजनच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण दीडशे किलो प्रेशर असते, ट्रकच्या टायरातल्या हवेच्या सुमारे वीसपट. कॅप नसलेला सिलिंडर पडला आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटला, तर तो लोखंडी दंडगोल भिंत फोडून जातो. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेलकट हात लावायचा नाही, हे आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात. गाडीचे ग्रीसिंग करून आलेल्या चालकाला कोण शिकवणार? डीएची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात ॲसिटिलीन नुसते दाबून भरलेले नसते, सच्छिद्र भरावात मुरवलेल्या ॲसिटोनमध्ये ते विरघळवलेले असते. म्हणून तो सिलिंडर उभाच ठेवायचा. आडवा टाकून आणला आणि लगेच जोडला, तर गॅसबरोबर ॲसिटोन बाहेर येते. आगीची झळ लागून डीएचा सिलिंडर तापला असेल, तर आग विझल्यावरही त्याच्या जवळ जायचे नसते. आतल्या आत ॲसिटिलीनचे विघटन चालू राहते आणि तो उशिराने फुटू शकतो. माणसे हटवायची आणि लांबून, आडोशाने पाण्याचा मारा करत राहायचे. माहीत नसलेला माणूस काय करील? जीव तोडून तोच सिलिंडर गाडीतून खाली ओढायला धावेल.

त्या तीन दिवसांत हेच शिकवायचे असते. बचावात्मक ड्रायव्हिंग तर आहेच, शिवाय मालाची ओळख, धोक्याच्या खुणा आणि क्रमांक वाचणे, व्हॉल्व्हची माहिती, गळती झाल्यास काय करायचे, आग विझवणे, प्रथमोपचार, विहिरी-नद्यांचे रक्षण, इतके सगळे अभ्यासक्रमात लिहिलेले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे आपत्कालीन सूचनांचा कागद चालकाच्या केबिनमध्ये हवा आणि गाडीवर मालाचे नाव, यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) व तातडीचे फोन नंबर लिहिलेला फलक हवा. विरघळवलेल्या ॲसिटिलीनचा क्रमांक 1001, एलपीजीचा 1075. अग्निशमनच्या जवानाला लांबूनच कळावे की समोर काय जळते आहे, यासाठी हे आकडे. आमच्या दारातल्या टेम्पोवर देवाचे नाव आणि मागे "हॉर्न ओके प्लीज" होते.

आपल्याकडे अपघात झाला की चर्चा होते ती टँकरची. 20 डिसेंबर 2024 ला जयपूर-अजमेर महामार्गावर वळण घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रक धडकला आणि गळालेल्या गॅसने रस्त्यावरची वाहनेच्या वाहने जळाली, ते सगळ्यांनी पाहिले. पण मुंबईत 24 मार्च 2025 च्या रात्री धारावीत पेटला तो टँकर नव्हता, सिलिंडर भरलेला ट्रक होता. एकामागून एक सिलिंडर फुटत होते. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. अशी गाडी उभी करायची तर आग-स्फोटापासून सुरक्षित जागी आणि जबाबदार माणसाच्या नजरेखाली, हेसुद्धा नियमांत चालकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. हे किती चालकांना कुणी सांगितले असेल?

यात माझीही चूक आहे, ती कबूल करतो. पंधरा वर्षे मी चलनावर सही करून सिलिंडर उतरवून घेतले. सिलिंडरची टेस्ट तारीख पाहिली, वजन पाहिले, चालकाचे लायसन एकदाही पाहिले नाही. चालक प्रशिक्षित आहे याची खात्री करणे हे नियमाने गाडीमालकाचे काम आहे आणि मालाची पूर्ण माहिती देणे पाठवणाऱ्याचे. तरी घेणाऱ्याने विचारायला काय हरकत होती? मी विचारायला लागल्यावर आमच्या पुरवठादाराचे उत्तर आले, "शेठ, शेरावाला ड्रायव्हर मागाल तर गाडी दोन दिवस उशिरा येईल." येऊ दे. त्याप्रमाणे मी कामाचे नियोजन करीन.

चालकांना दंड करून मोकळे व्हावे, असे मात्र मला मुळीच वाटत नाही. रोजंदारीवरच्या मुलाने तीन दिवसांची मजुरी बुडवून, पदरचे पैसे भरून कोर्स करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. तो खर्च आणि ते तीन दिवस मालकाने आणि गॅस एजन्सीने सोसावेत. आरटीओच्या वायुवेग पथकांनी ओव्हरलोड आणि पीयूसीबरोबर सिलिंडरच्या गाडीवर हा शेराही पाहावा, आणि नसेल तर मालकाला जाब विचारावा. सिलिंडरविषयीचे नियम पेसो या केंद्र सरकारच्या ज्या स्फोटक-सुरक्षा संस्थेच्या अखत्यारीत येतात, तिचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. दुचाकीवरून भरलेला सिलिंडर नेऊ नये, तो गाडीच्या बाहेर येऊ नये, घट्ट बांधलेला असावा, ज्वालाग्राही वस्तूंबरोबर नेऊ नये, हे सगळे गॅस सिलिंडर नियम, 2016 मध्ये आहे. मराठीत एक पानाचे पत्रक काढून भरणा केंद्राच्या फाटकावर प्रत्येक चालकाच्या हातात देणे अवघड नाही.

त्या दिवशी आम्ही डीएचे सिलिंडर उभे करून साखळीने बांधले, माझ्याकडची एक कॅप लावून दिली आणि थिनरचे डबे ठेवून घेतले. निघताना त्या मुलाने विचारले, "काका, हा कोर्स असतो कुठं? फी किती? मी करतो की." मी दोन फोन लावले, दोन्हीकडून वेगवेगळी उत्तरे मिळाली. जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात हे प्रशिक्षण कोणत्या मान्यताप्राप्त संस्थेत, कोणत्या तारखांना आणि किती शुल्कात मिळते, हे परिवहन विभागाने आपल्या वृत्तपत्रातून जाहीर करावे, ही विनंती. कात्रण मी त्या मुलाला नेऊन देईन.

आपला,
एक लघुउद्योजक, कोल्हापूर