काकाजी, स्थानक वाचायला आपण शिकवले

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरील आपल्या गावच्या जुन्या स्थानकाचे मोजमाप आणि आराखडे गेल्या आठवड्यात पूर्ण झाले. सलग चार महिने, दर रविवारी, वयाची आणि उन्हाची तमा न बाळगता आपण माझ्याबरोबर त्या बंद इमारतीत आलात, टेपचे दुसरे टोक धरलेत आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाला मन लावून उत्तर दिलेत. समोर बसून आभार मानले असते, तर ‘त्यात काय एवढे’ म्हणून आपण विषय बदलला असता. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

शकुंतलेचा, म्हणजे या मार्गावरच्या छोट्या रेल्वेचा, इतिहास मला कागदावरून ठाऊक होता. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे जावा यासाठी किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली हा ७६२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग उभा राहिला, आणि मूर्तिजापूरला गाठी उतरवून त्या १,६७६ मिलिमीटरच्या मोठ्या लाइनच्या डब्यांत भराव्या लागत. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि गाड्या मात्र मध्य रेल्वेने चालवल्या. हे सारे मी टिपून ठेवले होते. परंतु या इतिहासाचा आपल्या स्थानकाच्या दगडांशी काय संबंध, हे मला आपण दाखवीपर्यंत उमगले नव्हते.

पहिल्याच रविवारी मी विचारले होते की प्रवाशांसाठी फलाट जमिनीलगत आणि मालधक्का मात्र कमरेइतका उंच, असे का? आपण मला मालधक्क्याच्या कडेवर उभे केलेत आणि म्हणालात, ‘माणूस पाय उचलून चढतो, गाठीला पाय नसतात.’ गाठ सरकवत थेट डब्यात जावी, म्हणून धक्क्याची उंची डब्याच्या तळाशी जुळवलेली होती. मागच्या बाजूचा दरवाजा बैलगाडीच्या साटीशी जुळणारा होता. ही इमारत कोणासाठी बांधली होती, हे त्या दोन उंचींतच लिहिलेले आहे, आणि माझ्या आराखड्यातला सर्वांत महत्त्वाचा छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारे चित्र, मी तेथूनच घेतला आहे.

त्याच धक्क्याच्या काळ्या दगडावर, दारापाशी, बोटभर रुंदीचे गुळगुळीत चर आहेत. मी त्यांना पावसाच्या पाण्याच्या खुणा समजून सोडून देणार होते. आपण खाली बसून त्यांवरून हात फिरवलात आणि हे गाठींना आवळलेल्या लोखंडी पट्ट्या वर्षानुवर्षे घासल्याने पडले आहेत, असे सांगितलेत. नंतर मी एकेक चर मोजून नकाशावर घेतला. जिनिंग-प्रेसिंगमधून, म्हणजे सरकी काढून कापूस दाबणाऱ्या कारखान्यातून, निघालेल्या गाठींची संख्या सांगणारी वही आता हाताशी नाही. हे चर आहेत.

व्हरांड्याचे खांब म्हणजे उभे केलेले जुने रूळ आहेत, हेही आपल्यामुळेच कळले. एका खांबावरचे रंगाचे थर आपण तारेच्या ब्रशने घासत होतात, आणि रुळाच्या कण्यावर उठावाची अक्षरे हळूहळू दिसू लागली. कारखान्याचे नाव अर्धेच वाचता आले, तरी त्या अर्ध्या तासात माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. उतरत्या छपराखालच्या त्या खोल व्हरांड्यामुळे भिंतींवर दुपारचे ऊन येत नाही, आणि मे महिन्यातही आतल्या खोलीत बसून आपल्याला आराखडे तपासता आले. त्या इमारतीतील माझी सर्वांत आवडती जागा तीच आहे.

तिकीट खिडकीविषयी आपण जे सांगितलेत, ते मी आराखड्याबरोबरच्या टिपणात जसेच्या तसे ठेवले आहे. शेवटच्या काळात खिडकी बंद असे, गार्डच गाडीतून उतरून तिकिटे देत असे आणि पुन्हा गाडीला निघण्याची खूण करत असे. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी थांबून डिझेल आले, त्या दिवसाविषयी मात्र आपण फार बोलला नाहीत. मीही पुन्हा विचारले नाही.

आराखड्यांची एक प्रत गावच्या वाचनालयात दिली आहे आणि दुसरी आपल्यासाठी बांधून ठेवली आहे. एक गोष्ट अजून आपल्याकडून तपासून घ्यायची आहे. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा जेथे होता, ती जागा आपण दरवाजाच्या डाव्या अंगाला दाखवली होती. तेथे भिंतीत बोल्टची दोन छिद्रे सापडली आणि त्यांवरून मी घंटा पेन्सिलीने काढली आहे. तिची उंची बरोबर आहे का, हे आपण पाहिल्यावरच त्यावर शाई फिरवीन. येत्या रविवारी सकाळी कागद घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
स्थानकाचे मोजमाप करणारी आपली विद्यार्थिनी