कैसराचे ते कैसराला, जमिनीच्या व्यवहारातही

महोदय,

अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या आणि पगार आपल्या धर्मसंघाला देऊन टाकणाऱ्या कॅथलिक सिस्टर आणि फादरांच्या पगारातून आयकर कापलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी ९३ अपिलं फेटाळून स्पष्ट केलं. प्रकरण तमिळनाडू-केरळमधलं, पण त्याची कुरकुर आमच्या वसईत अजून थांबलेली नाही. परवा रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात पुन्हा तोच विषय निघाला. ‘सिस्टरांकडे स्वतःचं असतं काय, की सरकार त्यांच्याकडून कर घेतं?’ मी तिथे काही बोललो नाही. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र.

मी कॅथलिक आहे आणि एका अनुदानित शाळेच्या कार्यालयात ३१ वर्षं लिपिक होतो. ‘शालार्थ’ ही पगाराची ऑनलाइन प्रणाली येण्याआधी पगारबिलं हातानं लिहायचो. आयकराच्या रकान्यात इतर शिक्षकांच्या नावापुढे आकडा आणि सिस्टरांच्या नावापुढे आडवी रेघ. या रेघेचं मूळ थेट १९४४ सालच्या परिपत्रकात होतं. मिशनरी स्वतःला मिळालेली फी आपल्या संघाला देऊन टाकत असतील तर त्यांच्यावर आयकर नको, असं ते सांगत होतं. फीसाठी काढलेली ही सवलत पुढे पगारालाही लावली गेली.

आमच्या गणिताच्या सिस्टर पगारपत्रकावर रेव्हेन्यू तिकीट चिकटवून सही करायच्या, पण समोरची रक्कम कधी वाचायच्या नाहीत. एकदा अशी सही करून निघाल्या आणि दारातच चपलेचा अंगठा तुटला. चांभाराला द्यायला त्यांनी माझ्याकडून पाच रुपये उसने घेतले. दुसऱ्या दिवशी मठातल्या मदरकडून मागून आणले आणि माझ्या टेबलावर ठेवले. त्या पाच रुपयांनी मला बरीच वर्षं असंच वाटायला लावलं की या बाईकडून कर घेणं म्हणजे अन्याय.

आता तसं वाटत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आईचं निधन होईपर्यंत मीही माझा पगार तिच्याच हातात ठेवत होतो. म्हणून तो माझा पगार नव्हता, असं कधी मनात आलं नाही. सिस्टरांचं सेवापुस्तक त्यांच्या नावाचं, वेतनवाढ त्यांच्या नावाची. दारिद्र्याचं व्रत त्यांनी देवापुढे घेतलं आणि ते शेवटच्या श्वासापर्यंत पाळलं, त्या व्रताला माझा दंडवत. पण त्या व्रतात सरकारी पगारबिल कुठे येतं? शिवाय अनुदानाचा तो पगार सरकारी तिजोरीतून येतो आणि ती तिजोरी लोकांच्या करातून भरते. ज्या पाटातून पाणी घ्यायचं त्या पाटाच्या डागडुजीला हात लावायचा नाही, हे आम्हा बागायतदारांच्या गावात कुणी खपवून घेणार नाही.

‘कैसराचे (म्हणजे रोमी सम्राटाचे) ते कैसराला व देवाचे ते देवाला द्या’ हे येशूचं वचन आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. १९९२ साली जाहीर झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २२४० वा परिच्छेद तर कर भरणं हे नैतिक कर्तव्य आहे असं सरळ सांगतो. झगा घालणाऱ्यांना वेगळा नियम त्यात नाही. (आता नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे कित्येक सिस्टरांपुरता प्रश्न तसाही मिटेल.)

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. सिस्टरांच्या करावर हळहळणारे आपण स्वतः काय करतो? २०१३ साली आम्हा भावंडांची वाडी विकायची ठरली. घेणारा बाजेवर बसला, चहा घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘पांढरे किती, काळे किती?’ आम्ही सगळे पांढरेच म्हटल्यावर त्यानं भाव खाली आणला. आम्ही त्याच भावाला दिली आणि भांडवली नफ्यावरचा २० टक्के कर भरला. महापालिका झाल्यावर आमची जमीन करात आली होती, त्यातून सुटायची पळवाटही आम्ही शोधली नाही. नात्यातल्या माणसांनी आम्हाला खुळ्यात काढलं. त्यांच्यापैकी काहींनी रोखीतल्या पैशातून चर्चच्या सणाला मोठी देणगी दिली. बायबलमधल्या जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदारानं, येशूच्या हाकेवर उंबरावरून खाली उतरल्यावर, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करण्याचा शब्द दिला होता. सणाला रोषणाई देतो, असं तो म्हणाला नव्हता.

कर कुणाकडून आणि किती घ्यावा, हे विचारायचा हक्क आपल्याला आहेच. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानंही जकातदारांना बजावलं होतं की ठरवून दिलंय त्यापेक्षा अधिक घेऊ नका. साबणाच्या वडीवर मी आणि माझ्याकडे भांडी घासायला येणारी बाई सारखाच जीएसटी भरतो, हे मला पटत नाही. आपल्या धर्मगुरूंनी त्यावर जरूर बोलावं. पण स्वतःचा कर दडवणाऱ्यांच्या तोंडून हे बोलणं ऐकून कोण घेईल?

ईस्टरआधीचा उपवासकाळ आणि मार्चअखेर दरवर्षी साधारण एकाच सुमारास येतात. त्या दिवसांत पापनिवेदनाआधी, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्याआधी, वाचायला आम्हाला विवेक-तपासणीचं पत्रक मिळतं. त्यात चोरी आहे, खोटं बोलणं आहे, शेजाऱ्याची निंदा आहे. ‘मी सरकारचा कर बुडवला का?’ ही ओळ मी आजवर कधी वाचलेली नाही. वसईच्या धर्मगुरूंना माझी हात जोडून विनंती आहे, पुढच्या उपवासकाळाच्या पत्रकात ही एक ओळ छापा.

– एक निवृत्त शाळा लिपिक, वसई